पानिपतचा कागद

मराठी भाषेत पानिपत हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. निवडणुकीत एखादा पक्ष साफ बुडाला की त्याचे ‘पानिपत झाले’ असे म्हटले जाते. कोणी भरवसा मागू लागला की ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असे उत्तर ठेवलेले असते. ज्यांनी उत्तर हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा घरांतूनही हे शब्द सहज उच्चारले जातात. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक पराभव भाषेच्या अंगवळणी इतका पडला आहे की बोलणाऱ्याला त्यामागची माणसे आठवतातच असे नाही.

खुद्द पानिपत आज हरियाणातील एक गजबजलेले औद्योगिक शहर आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या शहराची ओळख हातमाग, घोंगड्या, चादरी आणि गालिचे यांच्यासाठी आहे. शहराबाहेर ‘काला आंब’ येथे युद्धाचे स्मारक आहे. मराठी प्रवासी तेथे थांबतात, मस्तक लववतात आणि पुढे जातात. सभोवार सपाट शेते आहेत. खंदक बुजले, छावणी मोडली, तोफा गेल्या. ज्या भूमीवर १४ जानेवारी १७६१ रोजी एका दिवसात एक पिढी कापली गेली, त्या भूमीवर त्या दिवसाची खूण म्हणावी असे फार थोडे उरले आहे.

जे उरले ते कागदावर. मोहिमेतील पत्रे, सावकारी चिठ्ठ्या, जिवानिशी वाचलेल्यांची निवेदने, विजेत्यांच्या दरबारी काढलेले एक चित्र, आणि तीस वर्षांनंतर पुण्यात एका चित्रकाराच्या वहीत उतरलेले काही चेहरे, एवढ्या सामग्रीवर पानिपतची आपली सारी माहिती उभी आहे. यातले प्रत्येक पान कोणा एका माणसाच्या हातून उतरले, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले ते आणखी कोणा माणसाने ते जपले म्हणून. पानिपतची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. त्या कागदांची हकीकत मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

बोरू, शाई आणि मोडी

अठराव्या शतकातील मराठी पत्र ही मोठी शिस्तबद्ध वस्तू होती. बोरूची लेखणी, घोटून तयार केलेली काळी शाई आणि जुन्नर किंवा दौलताबाद येथील हातकागद हे तिचे साहित्य. पत्राचा माथा ‘श्री’ने सुरू होई. मग ज्याला पत्र लिहायचे त्याच्या योग्यतेप्रमाणे मायना येई. वडीलधाऱ्यांना एक, बरोबरीच्यांना दुसरा, हाताखालच्यांना तिसरा. मायना चुकला तर मजकूर कितीही गोड असला तरी मन दुखावे. चिटणीस व कारकून मंडळी हे मायने पाठ करीत आणि पुढच्या पिढीला शिकवीत.

लिपी मोडी. ती भराभर लिहिण्यासाठी घडलेली. लेखणी शक्य तो उचलायची नाही, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. ओळ भरत जाई आणि कागद संपला की खाली दुसरा तुकडा चिकटवून मजकूर पुढे चाले. पत्र संपले की ‘मोर्तब’ उमटे. म्हणजे यापुढे कोणी काही भर घालू नये. मग पत्र गुंडाळून जासुदाच्या किंवा सांडणीस्वाराच्या हाती जाई.

तारीख घालण्याची पद्धत आजच्या वाचकाला गोंधळात टाकणारी आहे. बहुतेक खासगी पत्रांवर साल नसेच. फक्त मुसलमानी महिन्याचा चंद्र असे. साल घातलेच तर ते अरबी अंकशब्दांत असे. पानिपतचे वर्ष या गणनेत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे येते; म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती पानिपतचे पत्र पडले तरी ते पानिपतचे आहे हे त्याला कळणार नाही. म्हणूनच जुनी पत्रे नुसती सापडून भागत नाही. ती वाचणारा आणि लावणारा मनुष्य लागतो.

छावणीतून आलेली पत्रे

१० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. अहमदशहा अब्दालीला परत लावण्यासाठी उदगीरच्या विजयाने ताजी झालेली फौज उत्तरेकडे वळली. सदाशिवरावभाऊ तेव्हा तीस वर्षांचे होते. पुण्याच्या कारभारात मुरलेले, हिशेबाला कडक, निझामाविरुद्ध नुकतेच यश मिळवलेले. बरोबर नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव. फौजेच्या मागोमाग कुरुक्षेत्र, काशी, प्रयाग यांच्या यात्रेची आस धरून निघालेले स्त्रीपुरुष होते. मार्च महिन्यात परतुडाहून निघालेली ही चालती नगरी ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरली.

या महिन्यांत भाऊसाहेबांनी लिहिलेली जी पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेल्या पत्रांना वेगळे मोल आहे. गोविंदपंत अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, पेशव्यांचे मामलेदार होते. वसुली त्यांच्या हाती. फौजेला लागणारा पैसा, दाणागोटा आणि नदी ओलांडण्यासाठी नावा यांचा सारा भरवसा त्यांच्यावर. भाऊसाहेबांची मागणी पुन्हा पुन्हा तीच येते : ऐवज पाठवा, नावा जमवा, शुजाउद्दौला व नजीबखान यांच्या मुलखात धामधूम करा, अब्दालीची रसद तोडा. आर्जव आहे, हुकूम आहे, नाराजी आहे. पुढच्या पत्रात पुन्हा तेच आर्जव.

ही पत्रे वाचताना लढाईच्या वर्णनाची अपेक्षा करणाऱ्याचा विरस होतो. त्यांत शौर्याचे शब्द थोडे आणि रुपयांचे फार. परंतु पानिपतचे खरे कारण समजून घ्यायचे तर हाच मजकूर मोलाचा आहे. दिल्लीत पोहोचल्यावर भाऊसाहेबांना दिवाण-इ-खासाचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. बखरकाराने हा प्रसंग रंगवून सांगितला, पण त्यामागची तंगी पत्रांतूनच उलगडते. एवढ्या मोठ्या लष्कराची पोटे भरायची, मुलूख परका, वसुली अडलेली, पुण्याहून पैसा येण्यास महिने लागणार. तलवारीच्या आधी पिशवी रिकामी झाली, हे भाऊसाहेबांच्या स्वतःच्या पत्रांनी दाखवून दिले आहे.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा पडला आणि तेथील धान्याने काही दिवसांची सोय झाली. पण त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठी फौज दिल्लीच्या उत्तरेस आणि अब्दाली तिच्या व दिल्लीच्या मध्ये, अशी उलटी स्थिती झाली. नोव्हेंबरच्या आरंभी पानिपतच्या गावकुसाला लागून छावणी पडली, भोवती खंदक खणला गेला, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मांडल्या गेल्या. तेथून पुढचे अडीच महिने उपासमारीचे. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि दुआबातून येणारा आधार तुटला. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक लहान तुकडी अंधारात वाट चुकून अब्दालीच्या छावणीत शिरली व कापली गेली.

छावणीतून बाहेर जाणारी पत्रे या काळात विरळ होत जातात. जासूद अडवले जात. वाटा बंद होत्या. ज्या पत्रव्यवहारात महिन्याला कितीतरी कागद सापडतात, त्यात अखेरच्या आठवड्यांसाठी जवळजवळ काही हाती लागत नाही. ही शांतता हाही एक पुरावाच आहे. वेढा किती घट्ट आवळला गेला होता, हे त्या न लिहिलेल्या किंवा न पोहोचलेल्या पत्रांवरून कळते.

नावे नसलेली चिठ्ठी

लढाईनंतरची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना सरकारी पत्राने कळली नाही. पेशवे स्वतः मदतीस उत्तरेकडे निघाले होते. जानेवारीच्या अखेरीस भेलशाच्या परिसरात त्यांच्या हाती एका सावकारी जासुदाजवळची चिठ्ठी लागली. सावकार आपल्या पेढ्यांना भावताव कळवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरीत. त्याच भाषेत ही चिठ्ठी होती. दोन मोती विरघळल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि चांदी व तांबे किती गेले याची गणती नसल्याचे तीत कळवले होते. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, चांदीतांबे म्हणजे शिपाईप्यादे, हे समजायला पेशव्यांना भाष्यकार लागला नाही.

या चिठ्ठीला मराठी मनात अढळ स्थान मिळाले आहे. तिच्यात एकही नाव नाही, एकही विलाप नाही. तरी महाराष्ट्रात ज्या घरातून कोणी उत्तरेस गेले होते त्या प्रत्येक घराला त्या ‘गणती नाही’मध्ये आपला माणूस शोधावा लागला. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले.

मोती विरघळला खरा, पण त्याविषयी शंका शिल्लक राहिली. शुजाउद्दौल्याच्या छावणीत असलेल्या काशीराज पंडित व अनुपगीर गोसावी यांनी देहांची ओळख पटवून अंत्यसंस्कार केल्याची हकीकत होती. तरी पुण्यात सर्वांना ती मान्य झाली नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या आणि त्या परत आल्या. त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, कोकणात काही किल्ले त्याच्या हाती गेले, आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. माणसे एवढी का फसली याचे उत्तर राजकारणात आहे, तसेच आशेतही आहे. ज्याच्या मरणाचा निर्णायक कागद हाती नाही, तो जिवंत असेल असे मानण्यास मन नेहमी तयार असते. पार्वतीबाई १७८३ साली वारल्या. तोवर बावीस वर्षे त्या त्याच आशेच्या आधाराने जगल्या.

दुसऱ्या बाजूचे डोळे

मराठी पत्रे लढाईच्या आधी थांबतात. लढाईचा दिवस पाहायचा तर दुसऱ्या बाजूच्या कागदाकडे वळावे लागते. तेथेही पहिली भेट होते ती एका मराठी माणसाशी. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता. दोन्ही छावण्यांत त्याचे जाणेयेणे होते. तहाच्या बोलण्यांत त्याचा वापर झाला. लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी, १७८० साली, त्याने आपली हकीकत फारसीत लिहिली. पुढे तिचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या इतिहासकारांना पानिपत कळले ते मुख्यतः तिच्यातून. धन्याशी निष्ठा राखणारा आणि तरी स्वदेशीयांच्या नाशाने कळवळणारा हा लेखक स्वतः कोणत्या बाजूचा, हा प्रश्न त्याच्या लेखनाच्या प्रत्येक पानावर रेंगाळतो.

लढाईचे एक चित्रही आहे. ते सुमारे १७७० साली फैजाबाद शैलीत काढलेले असून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद ही शुजाउद्दौल्याची राजधानी. म्हणजे चित्र विजेत्यांच्या घरचे, लढाईला दहाएक वर्षे लोटल्यावरचे. तपकिरी घोड्यावर बसलेला अब्दाली त्यात ठळक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन याने लखनौच्या वास्तव्यात चित्रांचा मोठा संग्रह केला; त्याच्या संग्रहातून ते इंग्लंडला गेले. पानिपतचे चित्र म्हणून पुस्तकांतून बहुधा हेच छापले जाते. ते पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की चित्रकाराने काय दाखवायचे हे आश्रयदात्याच्या दालनाने ठरवले आहे. सेनापतींची ओळख पटावी, फौजांची मांडणी कळावी, विजयाची शोभा दिसावी, हा त्याचा उद्देश. उपाशी यात्रेकरूंची, पडलेल्या नवऱ्यांची वाट पाहणाऱ्या बायकांची जागा त्यात नाही.

मराठी बाजूने त्या दिवसाचे असे चित्र काढणारा कोणी नव्हता. जे वाचले त्यांचे चेहरे मात्र पुढे कागदावर उतरले. त्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले आणि पानिपतहून दीड हजार किलोमीटर दूर पुण्यास यावे लागले.

गंगाराम तांबटाची वही

पानिपतच्या रणातून निसटलेल्यांत दोन माणसे अशी होती की पुढे मराठी राज्याचा डोलारा त्यांच्याच खांद्यांवर उभा राहिला. एक महादजी शिंदे. पाठलागात त्यांच्या पायावर घाव बसला. राणेखानाने त्यांना वाचवले. पाय मात्र जन्मभर अधू राहिला. दुसरे बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस. विश्वासरावांच्याच वयाचे, अठरा वर्षांचे. आई व पत्नीसह ते यात्रेच्या इच्छेने मोहिमेबरोबर गेले होते. लढाईच्या दिवशी ताटातूट झाली. अंगावरची वस्त्रे टाकून, ओळख लपवून, पायी व उपाशी त्यांनी वाट काढली. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आईचा मात्र अंत झाला. नानांनी स्वतःच्या आयुष्याची ही हकीकत लिहून ठेवली. जे पुढे जन्मभर मोजूनमापून बोलले त्या मुत्सद्द्याने तरुणपणचे भय आणि दुःख त्यात फारसे झाकून ठेवलेले नाही. मराठीतील आरंभीच्या आत्मवृत्तांत या लहानशा लेखाची गणना होते.

१७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट राहत होता. राजकारण हे त्याचे काम. पण लेणी, प्राणी, माणसे, इमारती यांची चित्रे जमवण्याचा त्याला नाद होता. त्यासाठी त्याने पुण्यातील एका कलावंताला हाताशी धरले. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, प्रसिद्ध नाव गंगाराम तांबट. नावावरूनच घराण्याचा धंदा कळतो. तांब्यावर ठोके देणाऱ्या घरातील हा हात कागदावर शिसपेन आणि जलरंग घेऊन चालू लागला.

गंगारामाने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा चितारला. त्यापूर्वीच्या मराठी भित्तिचित्रांतील प्राणी परंपरेने ठरलेल्या आकारात येत; हा गेंडा समोर उभा आहे तसा आला आहे, कातडीच्या घड्यांसह. वेरूळची लेणी त्याने मोजूनमापून कागदावर उतरवली. मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेल्या लेखाला याच चित्रांचा आधार होता. पर्वतीच्या टेकडीचेही दृश्य त्याने काढले. ज्या टेकडीवर पानिपतच्या दुःखाने खचलेल्या नानासाहेबांनी डोळे मिटले, तिचे तिसाहून अधिक वर्षांनंतरचे रूप गंगारामाच्या कागदावर शांतपणे उभे आहे.

१७९१ साली स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास आला. त्याने तरुण पेशवे सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि त्याच वर्षी उत्तरेतून पुण्यास आलेले महादजी शिंदे यांची चित्रे केली. वेल्सची पद्धत युरोपीय : आधी वहीत रेखाटन, माणसाला समोर बसवून चेहऱ्याचा अभ्यास, मग तैलरंग. बरोबर तो रोजनिशी लिही. गंगाराम त्याच्यासोबत काम करू लागला. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रकला शिकवण्याची सोय झाली असे सांगितले जाते. पश्चिम हिंदुस्थानात युरोपीय रीतीच्या चित्रशिक्षणाचा तो आरंभ मानला जातो.

या रेखाटनांमुळेच पानिपतहून परतलेल्यांचे चेहरे आज दिसू शकतात. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत असलेल्या वेल्सच्या चित्रात सवाई माधवराव बैठकीवर आहेत आणि जवळ नाना. कृश अंगलट, लांबट चेहरा, आवरलेली नजर. पन्नाशीच्या या माणसात यमुनाकाठी वस्त्रे टाकून पळालेला अठरा वर्षांचा मुलगा शोधणे हे पाहणाऱ्याच्या हाती आहे. परंतु नानांचे आत्मवृत्त वाचून जो या चित्रासमोर उभा राहील, त्याला ते निराळे दिसेल एवढे निश्चित. लिहिलेला कागद आणि रेखाटलेला कागद एकमेकांना पुरे करतात तो असा.

मॅलेटला १७९० सालच्या तहाच्या दरबाराचे भव्य चित्र हवे होते. वेल्सने त्यासाठी दरबारी मंडळींचे अभ्यास केले; परंतु चित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात साष्टी बेटावरील लेण्यांची चित्रे करीत असता तापाने वेल्सही गेला. त्याची रेखाटने मॅलेटबरोबर इंग्लंडला पोहोचली. त्यांच्या आधाराने टॉमस डॅनियलने १८०५ साली लंडनमध्ये दरबाराचे चित्र पुरे केले. आज ते टेट संग्रहालयात आहे. डॅनियलने ते सरदार कधी पाहिले नव्हते. त्याच्याजवळ होती ती वेल्सची वही.

शनिवारवाडा १८२८ साली जळाला. त्याच्या भिंतींवरील चित्रे, दालने, नक्षीचे खांब सारे गेले. वेल्सची रोजनिशी व रेखाटने आणि गंगारामाची कितीतरी चित्रे मात्र अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात सुरक्षित आहेत. २०११ साली तेथे भरलेल्या एका प्रदर्शनात पुण्याच्या या तांबटाचे काम जगासमोर मांडले गेले. त्याच्या स्वतःच्या शहरात मात्र त्याचे नाव आजही थोड्यांनाच ठाऊक आहे.

जपणारे हात

चित्रे बाहेर गेली म्हणून वाचली. पत्रे घरातच राहिली आणि त्यांना वाचवायला घरचीच माणसे धावली. पेशवाई बुडाल्यावर सरकारी कागद पुण्याच्या दप्तरात रुमालांत बांधून पडले. सरदार-जहागीरदारांचे कागद त्यांच्या वाड्यांत, माळ्यांवर आणि कोठ्यांत कुजू लागले. वाळवी, उंदीर, पावसाचे गळते छप्पर आणि रद्दी घेणारा दुकानदार हे त्यांचे चार वैरी.

या कागदांसाठी आयुष्य वेचणाऱ्यांत शिक्षकांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. शाळेचे तास संपल्यावर पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील मोडी कागद वाचायचे, नकला करायच्या, टीपा लिहायच्या, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊ लागला. तुटपुंज्या पगाराच्या या शाळामास्तराने एकट्याने केलेले काम पाहून आजही विद्यापीठे थक्क होतात.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाई येथे एका जुन्या घराण्यात पत्रांचे घबाड सापडले. १७५० ते १७६१ या काळातील हीच ती पत्रे, पानिपतच्या मोहिमेची. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून ती छापली आणि दीर्घ प्रस्तावना जोडून पानिपतच्या कारणांची नव्याने चर्चा केली. गोविंदपंतांना गेलेली पत्रे वाचकांसमोर आली ती या खंडात. तोवर पानिपत म्हणजे बखरीतला करुण रस होता. आता चंद्र लावून, तिथी जुळवून, पत्राला पत्र भिडवून बोलणे भाग पडले. राजवाड्यांचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी पुष्कळदा खोडले. पण खोडण्यासाठीही त्यांना राजवाड्यांनी वाचवलेल्या कागदांकडेच जावे लागले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच ध्यासातून.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी नाना फडणवीसांच्या मेणवली येथील वाड्यातील दप्तर मिळवले. त्यांच्या संग्रहात कागदपत्रांबरोबर चित्रांचीही मोठी भर होती. आज तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक पत्रांचे ४५ खंड संपादिले. आणि लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या १९६१ साली त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ मराठीत आला. पराभवाकडे रडून किंवा मिशांवर ताव देऊन न पाहता पुराव्याच्या आधारे पाहण्याचे धैर्य त्यात आहे.

या सर्वांना मोडी येत होती, हे सांगण्याची त्या काळी गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवली जाई. मग ती अभ्यासक्रमातून गेली. आज मोडी वाचणारे थोडे आणि न वाचलेले कागद अफाट अशी स्थिती आहे. नव्या पिढीतील काही तरुण हौसेने मोडीचे वर्ग करतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. ज्या घरांत आजोबांच्या पेटीत जुना खर्डा, सनद किंवा वंशावळ आहे, तेथे तो कागद काय सांगतो हे विचारणारे कोणी असले पाहिजे. पानिपतच्या एखाद्या पत्राचा जोड कुठल्या घराच्या माळ्यावर असेल हे कोणी सांगावे!

शाळेच्या कपाटातील दप्तर

मराठी शाळांनी एक परंपरा कौतुकाने सांभाळली आहे, ती हस्तलिखित अंकाची. वर्गातील सुवाच्य अक्षराची मुले मजकूर लिहून काढतात, चित्रकलेत गती असलेली मुले कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि मधल्या पानांवर चित्रे काढतात, आणि स्नेहसंमेलनात त्या एकुलत्या एका प्रतीचे प्रकाशन होते. नंतर ती प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षी दुसरी.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या कपाटात अशा प्रतींचे एक दप्तरच तयार झालेले असते. पहिल्या तुकड्यांच्या विद्यार्थ्यांचे अक्षर, त्यांच्या वेळचे गाव, पूर, दुष्काळ, निवडणुका, पहिला दूरदर्शन संच, सहलीचे वर्णन, एखाद्या लाडक्या गुरुजींचे पेन्सिलीने काढलेले चित्र हे सारे त्यात असते, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. वाळवी आणि गळते छप्पर या वैऱ्यांनी अजून जागा बदललेली नाही.

गोविंदपंतांना पत्र लिहिणाऱ्या चिटणिसाला आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नसेल. त्याला पैसे हवे होते. गंगाराम तांबटाला समोरचा गेंडा नीट उतरवायचा होता. खरेशास्त्र्यांना शाळा सुटल्यावर आणखी दोन रुमाल वाचून व्हायचे होते. आपापले काम नेटके केलेल्या अशा माणसांमुळेच, ज्या रणभूमीवर आज पाहण्यासारखे फारसे काही उरले नाही तिच्याविषयी महाराष्ट्राला इतके कळले आहे. माजी विद्यार्थ्यांनी या महोत्सवाच्या निमित्ताने शाळेत यावे, ते कपाट उघडावे, त्या प्रतींची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि आपल्या घरी असलेली शाळेची जुनी पत्रे, छायाचित्रे, प्रगतिपुस्तके त्यांत आणून ठेवावीत. साठ वर्षांनंतर या शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्या कपाटाखेरीज दुसरे दप्तर मिळणार नाही.